घेऊ का हा विषय?

शिवकांता, तू विचारलंस,
दुसऱ्या वर्षाला जैवनीतिशास्त्र घेऊ का.
अंबाजोगाईच्या स्टँडवर, धारूरची गाडी लागत असताना,
धुळीत, गडबडीत. मी म्हणालो, फोन करतो.
केला नाही. हे लिहून देतो.

उत्तरेश्वर म्हणेल, घे की.
प्रॅक्टिकल नाही, गणित नाही,
मनानं लिहिलं तरी पास.
तो मनानं लिहूनच पास झाला, खोटं नाही.
मुजम्मिल म्हणेल, नको.
त्याला नीटची तिसरी खेप द्यायची होती
आणि तिथं यातलं काहीच विचारत नाहीत.
वैजयंता अजून चिडते.
सर दोन्ही बाजू सांगतात, खडू ठेवतात
आणि खिडकीबाहेर बघत राहतात,
नोट्स कशाच्या काढायच्या, खिडकीच्या?

मी घेतला, कारण भूगोलाच्या जागा भरल्या होत्या.

पहिल्याच तासाला सरांनी विचारलं,
श्वासाचं मशीन एक, पेशंट दोन.
एक म्हातारा, एक बाळंतीण. कुणाला लावाल?
वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून,
"ज्याची वळख हाय त्याला, सर."
इतके हसलो की शेजारच्या वर्गातून बाई आल्या.
सरांनी तेच वाक्य फळ्यावर लिहिलं
आणि म्हणाले, हे चूक आहे, एवढं मला पटवून द्या.
कुणालाच जमलं नाही.
वर्षभर ते कोपऱ्यात राहिलं,
झाडूवाल्या मावशी तेवढं सोडून फळा पुसायच्या.

दिवाळीआधी संमतीचा धडा आला. सात मार्कांचा.
माहिती, समज, मोकळीक, नकाराचा हक्क.
चार अटी लिहून घेताना
माझ्या बोटांना निळी शाई होती, आदल्या सांजेची.

तुला ठाऊक नसेल,
मी तेव्हा एका दवाखान्यात कागद भरायचो.
दसऱ्याच्या आगेमागे गर्दी.
उचल घेतलेली, टोळ्या निघायच्या बेतात,
त्याआधी बायका पिशवी काढायला यायच्या.
कुणी तिशीची, कुणी तेवढीही नाही.
मी त्यांचा हात धरायचो,
अंगठा पॅडवर, मग कागदावर.
कोयत्यानं घट्टे पडलेला अंगठा नीट उमटत नाही,
दोनदा दाबावा लागतो.
मी चांगला दाबायचो.

त्या धड्यानंतर मी कागद वाचून दाखवायला लागलो,
मोठ्यानं, सावकाश, आपल्या बोलीत.
रांग दाराबाहेर गेली.
डॉक्टरसाहेब म्हणाले, काय कीर्तन लावलंय?
आणि केजकडची एक बाई, पदर दातात धरून ऐकत होती, ती म्हणाली,
"आन् न्हाई काढली तं चालतंय का रं, लेकरा?"

शिवकांता, तिथं मला या विषयाचा राग आला.
चारही अटी पाठ होत्या.
म्हणालो, दुसऱ्या डॉक्टरला विचारा की, मावशी.
"आन् तितलं भाडं?"
तिनं आपणहून अंगठा पुढं केला.
एकदाच दाबला. लख्ख उमटला.

सोमवारी सरांना सांगितलं.
ते खिडकीपाशीच होते, बराच वेळ.
मग म्हणाले, माझ्याकडे पण नाही.
आणि विचारलं, नाव काय तिचं?
मला आठवेना.
कागदावर मीच लिहिलं होतं.

मार्क एकसष्ट पडले.
दवाखान्यातलं काम सुटलं,
म्हणजे मी सोडलं असं घरी सांगितलं.
उत्तरेश्वरला पासष्ट.

या विषयानं नोकरी लागत नाही.
झोप लागते की नाही, ते माणसावर आहे.
वैजयंताची वही मागून घे, अक्षर चांगलं आहे,
मधल्या एका पानावर तिनं खरंच खिडकी काढलीय,
गजांसकट.

आधी भूगोलाला जागा आहे का बघ.
नसेल तर घे.
आणि दवाखान्यात कागद भरायचं काम कुणी देऊ केलं,
तर आधी मला फोन कर.
या वेळी उचलीन.